डेमलो संख्या आणि कापरेकर मास्तर

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र असावे, ही आपल्या मंडळाची जुनी प्रथा आहे. राजमाता जिजाबाई, अहल्याबाई, सावित्रीबाई यांच्यावर भगिनींनी पूर्वी सुंदर लेख लिहिले आहेत. यंदा मी एका शाळामास्तरांचे चरित्र सांगणार आहे. त्यांनी राज्य केले नाही की चळवळ उभारली नाही. आयुष्यभर त्यांनी आकड्यांवर प्रेम केले, आणि आपल्या डोंबिवली स्टेशनाचे नाव गणिताच्या पुस्तकात कायमचे नेऊन बसवले. त्यांचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

गणित म्हटले की आपण बायका पान उलटतो. तेव्हा आधीच सांगून टाकते की माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले आहे. या लेखात जे जे हिशोब दिले आहेत ते बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार यांपलीकडे जात नाहीत. वाण्याची वही तपासणाऱ्या कोणाही बाईला ते करून पाहता येतील. कापरेकर मास्तरांचे मोठेपण मला याच गोष्टीत दिसते.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. वडील कारकून होते, पण त्यांना ज्योतिषाचा मोठा नाद होता. पत्रिका मांडायची तर ग्रहांची गणिते करावी लागतात. ती गणिते वडिलांनी मुलाला शिकवली आणि आकड्यांची गोडी घरातच लागली. दत्तात्रेय आठ वर्षांचे असताना त्यांची आई वारली. पुढे वडिलांनीच त्यांना वाढवले. त्यांचे माध्यमिक शिक्षण ठाण्यास झाले. शाळेच्या वयापासूनच कोडी सोडवण्यात आणि मोठमोठ्या बेरजा-गुणाकारांच्या जवळच्या वाटा शोधण्यात त्यांचे तासन् तास जात.

१९२३ साली ते पुण्याच्या फर्गसन कॉलेजात दाखल झाले. रँग्लर परांजपे यांच्या नावाने तेथे गणितातील स्वतंत्र लेखनासाठी पारितोषिक दिले जाई. ते १९२७ साली कापरेकरांना मिळाले. १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे बी. एस्‌सी. झाले. पुढची पदवी त्यांनी घेतली नाही. नाशिकजवळच्या देवळालीस ते शाळेत शिक्षक झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच शिकवत राहिले. नोकरीच्या दृष्टीने त्यांचे चरित्र एवढ्या चार ओळींत संपते. खरे चरित्र त्यांच्या वह्यांत आहे.

आता आपल्या स्टेशनाची गोष्ट. मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर, त्या वेळच्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेवर जे डेमलो नावाचे स्टेशन होते तेच आजचे डोंबिवली. या स्टेशनावर असताना कापरेकरांना एका प्रकारच्या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून त्यांनी त्या संख्यांना डेमलो हेच नाव देऊन टाकले. आपण त्याच फलाटावर गाडीची वाट पाहताना भाजीच्या भावाचा विचार करत असतो. असो.

साधी डेमलो संख्या अशी असते की तिचे डोके आणि शेपूट यांची बेरीज केली की मधला अंक मिळतो. १६५ घ्या. एक आणि पाच मिळून सहा. २५५३ घ्या. दोन आणि तीन मिळून पाच, आणि मध्ये पाचच आहेत. ४७७७३ मध्ये चार आणि तीन मिळून सात. या संख्यांवर त्यांचा आणि के. आर. गुंजीकर यांचा मिळून एक निबंध १९३९ साली मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

यांतलीच काही घराणी त्यांनी अद्भुत डेमलो म्हणून वेगळी काढली. ती अशी :

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

असे करत करत नऊ एकांपर्यंत गेले की :

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंकी संख्या ही. लहानपणी आपण एकं, दहं, शतं, सहस्र असे घोकत परार्धापर्यंत जात असू. त्या हिशोबाने या संख्येचा पहिला अंक मध्य या स्थानावर पडतो, परार्धाच्या फक्त एक पायरी खाली. इतकी प्रचंड संख्या, पण पाठ करायला दहा वर्षांच्या पोराला एक क्षण पुरे. एकापासून नवापर्यंत चढायचे आणि परत एकापर्यंत उतरायचे. देवळाच्या शिखराप्रमाणे दोन्ही बाजू सारख्या, आणि उलटी वाचली तरी तीच.

असे का होते हे समजायला अवघड नाही. १११ ला १११ ने गुणताना पाटीवर तीन ओळी येतात. तिन्ही ओळी १११ च्याच, फक्त दर खेपेला एक घर डावीकडे सरकलेल्या. आता उभी बेरीज करा. उजवीकडच्या टोकाला एकच एक आहे, त्याच्या शेजारी दोन एक, मध्ये तीन, पुन्हा दोन आणि शेवटी एक. म्हणून १२३२१. नऊ एकांच्या गुणाकारात मधल्या घरात नऊ एक येतात आणि शिखर नवावर पोचते. दहा एक घेतले तर मधल्या घरात दहा होतात, हातचा एक पुढे जातो आणि शिखर ढासळते. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ येते. म्हणजे नऊ एकांची संख्या ही या घराण्यातली शेवटची निर्दोष संख्या. हातचा न घेता चढता येते तेवढे ती चढली आहे.

या मोठ्या संख्येच्या पोटात आणखी गमती आहेत. तिच्या सतरा अंकांची बेरीज करा. ती ८१ भरते, म्हणजे नऊ नवे. धाकट्या बहिणींचेही तसेच आहे. १२१ च्या अंकांची बेरीज चार, म्हणजे दोन दुणे. १२३२१ ची नऊ, म्हणजे तीन त्रिक. आता त्या मोठ्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने, म्हणजे ८१ ने, भागून पाहा. बाकी काही उरत नाही. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो. हा आकडा सहज आलेला नाही. तो १२३४५६७९ या संख्येचा वर्ग आहे. १२३४५६७९ मध्ये एकापासून नवापर्यंत अंक ओळीने आहेत, फक्त आठ गाळलेला आहे. हिला नवाने गुणले की बरोबर नऊ एक मिळतात. ही गाळलेल्या आठाची मौज कापरेकरांच्याही आधीपासून लोकांना ठाऊक होती. पण सगळे धागे एका ठिकाणी कसे येऊन मिळतात हे पाहिले की मन थक्क होते.

ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, तिला कापरेकरांनी हर्षद असे संस्कृत नाव दिले. हर्षद म्हणजे आनंद देणारी. १८ ही हर्षद आहे, कारण एक आणि आठ नऊ, आणि नऊ दुणे अठरा. रामानुजनांमुळे प्रसिद्ध झालेली १७२९ हीसुद्धा हर्षद आहे. तिच्या अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. आपली सतरा अंकी डेमलो संख्याही हर्षदच. गणिताच्या शास्त्रात आनंद देणारी असे नाव ठेवणारा माणूस कसा असेल, हे यावरून कळते.

संख्यांची नावे ठेवण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. त्यांनी दत्तात्रेय संख्या काढल्या. १३ चा वर्ग १६९. तो १६ आणि ९ असा तोडला तर दोन्ही तुकडे पुन्हा वर्गच. ५७ चा वर्ग ३२४९. त्यात ३२४ हा १८ चा वर्ग आणि ९ हा तिनाचा. दुसऱ्या एका जातीला तर आज सारे जग कापरेकर संख्या म्हणून ओळखते. ४५ चा वर्ग २०२५. मधोमध तोडा, २० आणि २५, बेरीज पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. सन २०२५ हे या हिशोबाने मोठे नामी साल होते. असे पुढचे साल ३०२५ येईल, कारण तो ५५ चा वर्ग आहे आणि ३० अधिक २५ म्हणजे ५५.

रेल्वेची आणखी एक खूण त्यांच्या गणितात सापडते. कोणतीही संख्या घ्यावी आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. २३ मध्ये पाच मिळवले की २८. २८ मध्ये दहा मिळवले की ३८. मग ४९, ६२, ७०, ७७, ९१, १०१ अशी गाडी पुढे पुढे जात राहते. १०१ वर मात्र दोन बाजूंनी येता येते. ९१ मध्ये दहा मिळवूनही १०१, आणि १०० मध्ये एक मिळवूनही १०१. अशा संख्येला त्यांनी जंक्शन म्हटले. पुढच्या स्टेशनांवर कल्याण जंक्शन असलेल्या आपल्यासारख्यांना हे चटकन समजेल. याच्या उलट काही संख्या अशा आहेत की त्यांच्याकडे कोणतीच गाडी येत नाही. ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७ या त्यांपैकी काही. कोणत्याही दुसऱ्या संख्येत अंकांची बेरीज मिळवून त्या तयार होत नाहीत. त्यांना आपण स्वयंभू म्हणू. अशा संख्या कितीही पुढे गेले तरी संपत नाहीत. देवळालीच्या नावावरून त्यांना देवळाली संख्या असेही म्हणतात. तेव्हा डोंबिवलीप्रमाणे देवळालीचेही नाव मास्तरांनी राखले.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध मात्र चार अंकी आहे. १९४९ साली त्यांना ६१७४ ही संख्या सापडली. त्याच वर्षी मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ती मांडली आणि पुढे ती परदेशातील नियतकालिकात छापून आली. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, फक्त चारही अंक एकच नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहावेत, मग चढत्या क्रमाने लिहावेत, आणि मोठीतून लहान वजा करावी. उत्तराचे पुन्हा तसेच करावे. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतेच येते. एकदा आली की तेथून हलत नाही, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४. तीन अंकी संख्यांचे असेच केले तर ४९५ वर येऊन थांबावे लागते. ६१७४ च्या अंकांची बेरीज १८, आणि १८ ने तिला पूर्ण भाग जातो. म्हणजे हीसुद्धा हर्षदच.

हिशोबाच्या वहीच्या शेवटच्या पानांवर मी कितीतरी संख्या घेऊन हे करून पाहिले. दुधाचे बिल घेतले, विजेचे बिल घेतले. शून्य आले तर तेही अंक म्हणून धरायचे, एवढे ध्यानात ठेवावे. दर वेळी वाट वेगळी, पण मुक्काम एकच. यातली थोडी खुबी मला पुढे कळली. तेच अंक उलटसुलट मांडून वजाबाकी केली की उत्तराला नेहमी नवाने भाग जातो. त्यामुळे पहिल्याच वजाबाकीत बहुतेक संख्या गळून पडतात आणि थोड्याच उरतात. त्या थोड्यांच्या वाटा शेवटी ६१७४ ला मिळतात.

आता थोडी कडू गोष्टही सांगायला हवी. त्या काळच्या अनेक गणितज्ञांना कापरेकरांचे काम पोरखेळ वाटे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. आपण दहाच्या पटीत मोजतो, कारण आपल्या हातांना बोटे दहा. आठ बोटांच्या माणसांनी आठाच्या पटीत मोजले असते तर ६१७४ चा चमत्कार तसाच राहिला नसता. आपल्या डेमलोचे शिखरही नवाऐवजी सातावरच थांबले असते. म्हणून हे गुण संख्येचे की ती लिहिण्याच्या पद्धतीचे, असा प्रश्न पंडित विचारतात. शिवाय कापरेकरांजवळ मोठी पदवी नव्हती, विद्यापीठातली खुर्ची नव्हती. गावच्या मास्तराला परिषदेत कितीसा मान मिळणार?

मास्तरांनी हे सारे मनावर घेतले नाही. परिषदांना ते जात राहिले. आपल्या संख्यांवर त्यांनी लहान लहान पुस्तिका लिहिल्या आणि त्या स्वतःच छापून काढल्या. शिक्षकाच्या पगारात पुस्तिका छापणे म्हणजे काय, हे महिन्याचा खर्च भागवणाऱ्या बाईला सांगावे लागत नाही. कागद, छपाई, टपालाची तिकिटे, सगळे त्याच पगारातून. जगात नाव करणाऱ्या माणसाच्या घरी डाळ-तांदूळ, दूध, औषधपाणी हे सगळे नेहमीसारखेच लागते, आणि चरित्र लिहिताना ती बाजू कोणी सहसा लिहीत नाही. म्हणून मी येथे मुद्दाम लिहीत आहे.

१९६२ साली ते निवृत्त झाले. १९६६ साली त्यांची पत्नी निवर्तली. पेन्शन पुरत नव्हते. ज्यांच्या नावाची संख्या परदेशी नियतकालिकात छापली गेली होती, त्या गृहस्थांना उतारवयात गणित आणि शास्त्र यांच्या शिकवण्या करून पोट भरावे लागले. पण शाळा-कॉलेजांतून बोलावणे आले की ते उत्साहाने जात आणि मुलांसमोर फळ्यावर आकड्यांचे खेळ मांडत.

उशिरा का होईना, कौतुक झाले. अमेरिकेतील मार्टिन गार्डनर हे गणिताच्या गमतींवर लिहिणारे नामांकित लेखक. मार्च १९७५ मध्ये सायंटिफिक अमेरिकन या मासिकातील आपल्या सदरात त्यांनी कापरेकरांचा आणि त्यांच्या स्वयंभू संख्यांचा परिचय करून दिला. कापरेकर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. त्यानंतर त्यांचे नाव देशोदेशी पोचले. ज्या संख्यांना पोरखेळ म्हटले होते, त्यांच्यावर पुढे इतर देशांतील गणितज्ञांनी निबंध लिहिले. १९८६ साली देवळालीसच त्यांचे निधन झाले.

या सगळ्याचा उपयोग काय, असे मला घरीदारी विचारले गेले. ६१७४ माहीत असल्याने तेल स्वस्त होत नाही, हे खरेच. पण दारापुढची रांगोळीही संध्याकाळपर्यंत पुसली जाते, आणि तरीही ठिपके चुकले तर आपण पुसून पुन्हा काढतो. मला वाटते उपयोगाचा प्रश्न विचारण्यापूर्वी दुसरा एक प्रश्न विचारावा. ही संख्या मला कोणाकडून ऐकून मानावी लागते, की माझी मी पडताळून पाहू शकते? पुष्कळ गोष्टी आपण बायका ऐकून मानतो. वडीलधारे सांगतात, वर्तमानपत्रे सांगतात, आता तर हातातले यंत्रही सांगते. कापरेकर मास्तरांचे गणित मात्र कोणी सांगितले म्हणून मानावे लागत नाही. कागद घ्यावा, पेन्सिल घ्यावी आणि स्वतः करून पाहावे. उत्तर चुकले तर आपली वजाबाकी चुकलेली असते, आणि ती आपल्यालाच सापडते. सातवी शिकलेल्या बाईचे ६१७४ आणि कॉलेजातल्या प्राध्यापकांचे ६१७४ यांत तिळमात्र फरक नाही. हा मान मला दुसऱ्या कोणत्याही विद्येने दिलेला नाही.

म्हणून मंडळातील भगिनींना माझी विनंती आहे की आपल्या मुला-नातवंडांना या गमती जरूर दाखवाव्यात, आणि मुलींना तर आवर्जून दाखवाव्यात. गणिताची भीती घालवायला याहून स्वस्त औषध नाही. आरंभ कोठून करावा हे मीच सुचवते. मास्तरांचे जन्मसाल घ्या, १९०५. नऊ हजार पाचशे दहातून एकशे एकोणसाठ वजा केले की ९३५१. मग क्रमाने ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. पूर्ण सात वजाबाक्या, एकही कमी नाही. आता त्यांच्या निधनाचे साल घ्या, १९८६. नऊ हजार आठशे एकसष्ट वजा सोळाशे एकोणनव्वद म्हणजे ८१७२. येथून पुढची वाट वर आलेलीच आहे. जन्माचे साल आणि मृत्यूचे साल ८१७२ वर एकमेकांना भेटतात आणि एकाच रस्त्याने ६१७४ ला पोचतात.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्या स्मृतीस आम्हा डोंबिवलीकर भगिनींचे विनम्र अभिवादन.